घरी प्रेशर कॅनिंग करून मांस बरणीत टिकवणे : उंचीवरचा दाब, भारतीय कुकर आणि आपला रस्सा

डोंगरमाथा (मूळ प्रश्न)

नमस्कार. आम्ही अमेरिकेत, कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६,३०० फूट उंचीवर राहतो. आमचे शेजारी दर वर्षी एल्कच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीचा, पण त्याहून मोठा प्राणी. यंदा त्यांनी आम्हांला जवळजवळ १८ किलो मांस आपुलकीने दिले. आमचा फ्रीझर लहान आहे, आणि गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळात सलग तीन दिवस वीज नव्हती, तेव्हा त्यातले सगळे मटण आणि मासळी टाकून द्यावी लागली होती. त्या पिशव्या कचऱ्याच्या डब्यात टाकताना जिवावर आले होते, आणि पुन्हा तसे होऊ नये असे मनापासून वाटते.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या तळघरातली फळी मला दाखवली. काचेच्या बरण्यांमध्ये मांसाचे तुकडे स्वतःच्याच रसात उभे होते, वर चरबीचा बोटभर पांढरा थर गोठलेला होता आणि प्रत्येक झाकणावर महिना आणि वर्ष लिहिलेले होते. फ्रीज नाही, वीज नाही, तरी वर्षभर मांस टिकते हे पाहून मी थक्क झाले. त्यांनी आपला एक जुना कॅनर, म्हणजे दाबाखालच्या वाफेत बरण्या तापवण्याचे मोठे भांडे, मला वापरायला दिला आहे. त्यावर दाब दाखवणारा काट्याचा गेज आहे. सोबतच्या पुस्तिकेत मांसाच्या तुकड्यांसाठी ११ पौंड दाब आणि क्वार्टच्या (सुमारे एक लिटरच्या) बरणीसाठी ९० मिनिटे असे छापलेले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी काही शंका आहेत. हा कॅनर खूप मोठा आणि जड आहे. त्याऐवजी भारतातून आणलेल्या माझ्या ५ लिटरच्या कुकरमध्ये दोन-तीन लहान बरण्या ठेवून, काही ठरावीक शिट्ट्या करून हेच काम होऊ शकेल का? आमच्या उंचीला ११ पौंड पुरेसे आहेत का? नुसते मांस भरण्याऐवजी कांदा आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण लावून तयार रस्साच बरणीत भरला तर चालेल का? चौथी शंका आईच्या सल्ल्याची आहे. ती साताऱ्याहून फोनवर म्हणाली की लोणच्यासारखा वर तेलाचा थर दे म्हणजे हवा लागणार नाही, आणि उघडल्यावर वास घेऊन बघ, खराब झाले असेल तर लगेच कळेल. आईच्या हातचे लोणचे दोन-दोन वर्षे टिकते, त्यामुळे तिचा शब्द मला सहज बाजूला सारता येत नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तळघरातली फळी

डोंगरमाथाताई, मी मिनेसोटात गेली १४ वर्षे मांस, चिकन आणि हाडांचा अर्क बरण्यांत भरत आले आहे. तुम्ही सुरुवात करण्याआधी विचारलेत, हे फार बरे केलेत, कारण तुमच्या चार शंकांपैकी एकीचेही उत्तर अंदाजाने देता येणार नाही.

आधी दाबाचे बोलू, कारण तिथेच सर्वांत मोठी चूक होण्याची शक्यता आहे. पुस्तिकेतले ११ पौंड हे समुद्रसपाटीपासून २,००० फुटांपर्यंत राहणाऱ्यांसाठी आहेत. काट्याच्या गेजसाठी अमेरिकी कृषी खात्याचा तक्ता असा आहे : २,००१ ते ४,००० फुटांपर्यंत १२ पौंड, ४,००१ ते ६,००० पर्यंत १३, आणि ६,००१ ते ८,००० पर्यंत १४ पौंड. म्हणजे तुमच्याकडे १४ पौंड हवेत. वजनाचा गेज असलेल्या कॅनरमध्ये १,००० फुटांपर्यंत १० पौंडांचे आणि त्यावर कुठेही १५ पौंडांचे वजन लावतात.

हे असे का, तेही सांगते, कारण कारण कळले की आकडा विसरत नाही. काटा कॅनरमधला एकूण दाब दाखवत नाही, बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढेच दाखवतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड असतो, तुमच्याकडे तो साडेअकराच्या आसपास आहे. ही तीन पौंडांची तूट भरून काढली तरच आतली वाफ ११६ अंश सेल्सियसच्या जवळ पोहोचते. तुमच्या घरी उघड्या पातेल्यातले पाणी साधारण ९४ अंशांनाच उकळते आणि डाळ शिजायला वेळ लागतो, हे तुम्ही रोज पाहतच असाल. त्यामागचे कारण हेच आहे. वेळ मात्र उंचीप्रमाणे बदलत नाही : बिनहाडाच्या तुकड्यांना पाइंटच्या (सुमारे अर्ध्या लिटरच्या) बरणीत ७५ मिनिटे आणि क्वार्टच्या बरणीत ९० मिनिटे.

आता तुमचा ५ लिटरचा कुकर. भात-डाळीसाठी तो उत्तम आहे, पण या कामासाठी तो वापरू नका. कॅनर म्हणवण्यासाठी त्यात निदान ४ क्वार्ट बरण्या उभ्या मावल्या पाहिजेत असा इथला निकष आहे. हा निकष केवळ सोयीसाठी ठरवलेला नाही. मोठे भांडे तापायला बराच वेळ घेते आणि निवायलाही घेते, आणि त्या चढत्या-उतरत्या वेळातही बरणीच्या गाभ्यात उष्णता काम करत असते. तक्त्यातली मिनिटे ही जमेस धरूनच ठरवलेली आहेत. लहान कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो, त्यामुळे तीच ७५ मिनिटे तिथे कमी पडतात. शिवाय शिट्टी हे वेळेचे मापही नाही आणि दाबाचेही नाही. शिट्टी होते तेव्हा वाफ बाहेर पडते आणि दाब खाली येतो, पुन्हा चढतो, पुन्हा खाली येतो. कॅनिंगमध्ये दाब पूर्ण वेळ एका पातळीवर किंवा किंचित वर राहिला पाहिजे. विजेवर चालणाऱ्या स्वयंचलित कुकरांवर कॅनिंगचे बटण असले तरी जॉर्जिया विद्यापीठातील राष्ट्रीय गृह अन्नसंरक्षण केंद्र त्यांची शिफारस करत नाही.

काकूंचा कॅनर जुना आहे म्हणालात, तर वापरण्याआधी त्याचा काटा तपासून घ्या. काट्याचा गेज दर वर्षी तपासावा लागतो, आणि जिल्ह्याच्या कृषी विस्तार कार्यालयात बहुतेक ठिकाणी हे काम करून मिळते. माझा पहिला कॅनरही असाच वापरलेला होता. तपासल्यावर काटा खऱ्या दाबापेक्षा दोन पौंड जास्त दाखवत असल्याचे निघाले. म्हणजे मी ११ समजून ९ पौंडांवरच बरण्या काढत होते. त्याआधीच्या सगळ्या बरण्या मी टाकून दिल्या. त्या दिवशी फार वाईट वाटले, पण मुलांच्या ताटात ते वाढण्याचे धाडस माझ्याने झाले नसते. रबरी रिंग कडक झाली असेल किंवा तिला भेगा पडल्या असतील तर तीही नवी घ्या.

रश्श्याचा प्रश्न राहिला. वाटण लावलेला रस्सा बरणीत भरू नका. पातळ पाण्यात उष्णता पाण्याच्या फिरण्याने लवकर गाभ्यापर्यंत पोहोचते, दाट वाटणात ती कणाकणाने सरकते. म्हणूनच पीठ, तांदूळ, दूध, साय असे काही कॅनिंगच्या मांसात घालू नये असा नियम आहे, आणि खोबऱ्याच्या वाटणाला कोणी तपासून ठरवलेली वेळ उपलब्ध नाही. मांस, उकळते पाणी किंवा अर्क, आणि हवे तर चवीपुरते मीठ, एवढेच भरा. मीठ इथे चवीसाठी आहे, टिकवण्यासाठी नाही, त्यामुळे नाही घातले तरी चालते. मी एकदा लवंग-दालचिनी घालून पाहिली होती. ७५ मिनिटांच्या त्या उष्णतेत लवंगेचा कडवटपणा सगळ्या मांसात उतरला. बरणी उघडल्यावर फोडणी करा, ताजे वाटण परता, मांस त्यातल्या रसासकट घाला. मांस आधीच मऊ झालेले असते, त्यामुळे एरवी तासभर लागणारा रस्सा अर्ध्या वेळात होतो आणि चवीत काही कमी पडत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी अन्नाच्या सूक्ष्मजीवशास्त्रीय तपासणीच्या कामातून निवृत्त झालो आहे. आपल्या मातोश्रींच्या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो सल्ला लोणच्याबाबत अगदी योग्य आहे आणि मांसाबाबत तोच जिवावर बेतू शकतो.

येथे ज्याची भीती आहे त्या जिवाणूचे नाव क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. तो मातीत सर्वत्र असतो, आणि प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती कवच घेऊन बीजाणू म्हणून पडून राहतो. पाण्याच्या उकळबिंदूला हे बीजाणू तासन् तास तग धरतात. त्यांना रुजायला ज्या गोष्टी हव्यात त्या म्हणजे प्राणवायूचा अभाव, ओलावा, कमी आंबटपणा आणि घरातले सामान्य तापमान. बंद केलेल्या बरणीतले मांस या सर्व गोष्टी एकाच वेळी पुरवते. आता तेलाच्या थराचा विचार करा. तेलाने हवा बंद होते हे खरे, पण या जिवाणूला हवा बंदच हवी असते. कैरीचे लोणचे टिकते ते कैरीच्या आंबटपणामुळे आणि भरपूर मिठामुळे. तेल वरची बुरशी थोपवते, एवढेच त्याचे काम. पदार्थाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हे बीजाणू रुजत नाहीत. कैरी, लिंबू, बरीच फळे त्या बाजूला येतात. मांस, मासे, चिकन आणि बहुतेक भाज्या दुसऱ्या बाजूला. या ४.६ च्या रेषेपलीकडे दाबाखालच्या वाफेशिवाय इलाज नाही, कारण उघड्या भांड्यातले पाणी कितीही वेळ उकळले तरी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि आपल्या गावी तर तेवढेही नाही.

वासाबद्दल. आपल्या स्वयंपाकघरात नाकावरचा विश्वास पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडत आला आहे. दूध नासले, आमटी उतरली, मासे शिळे झाले, हे सगळे नाक सांगते, कारण ते बदल ज्या जिवाणूंमुळे होतात ते वास निर्माण करतात. बॉट्युलिनमचे विष मात्र वास, रंग किंवा चव बदलल्याशिवायही बरणीत असू शकते, आणि चाखून पाहण्याइतके विषही घातक ठरू शकते. म्हणून झाकण फुगलेले, गळती, फेस, उघडताना फवारा उडणे यांपैकी काही दिसले तर ती बरणी चाखायची नाही हे नक्कीच. पण यांपैकी काहीच दिसले नाही म्हणून बरणी सुरक्षित आहे असे मात्र समजू नये.

हे केवळ पुस्तकी बोलणे नाही. एप्रिल २०१५ मध्ये ओहायो राज्यातील लँकेस्टर येथे एका चर्चच्या सहभोजनात ७७ जण जेवले आणि त्यांतल्या २९ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे या विषाची बाधा झाली. एक जण दगावला. शोध घेतल्यावर कारण निघाले ते बटाट्याच्या सॅलडमध्ये घातलेले घरी बरणीबंद केलेले बटाटे. ते दाबाखाली न काढता नुसत्या उकळत्या पाण्यात काढले होते. मांस तर नव्हतेच, साधे बटाटे होते.

लक्षणेही प्रत्येकाला ठाऊक असावीत असे मला कळकळीने वाटते. दोन-दोन दिसणे, पापण्या जड होऊन खाली येणे, तोंड कोरडे पडणे, बोबडे बोलणे, गिळता न येणे आणि मग वरून खाली उतरत जाणारी दुर्बलता. ताप बहुधा नसतो. खाल्ल्यानंतर साधारण १२ ते ३६ तासांत ही लक्षणे दिसतात, पण काही दिवसही लागू शकतात. अशा वेळी घरगुती उपायांत एक क्षणही न घालवता रुग्णालयात जावे आणि घरी बरणीबंद केलेले अन्न खाल्ल्याचे स्पष्ट सांगावे. प्रतिविष उपलब्ध आहे, पण ते झालेले नुकसान उलटवत नाही, पुढचे थांबवते. त्यामुळे लवकर जाण्याला महत्त्व आहे.

आणखी एक गोष्ट. बीजाणू चिवट असले तरी तयार झालेले विष उष्णतेपुढे टिकत नाही. म्हणून उघडलेले मांस खाण्यापूर्वी १० मिनिटे खळखळ उकळावे आणि दर १,००० फूट उंचीमागे १ मिनिट वाढवावे, असा सावधगिरीचा सल्ला आहे. आपल्या ६,३०० फुटांवर १७ मिनिटे धरावीत. रस्सा करताना ते आपोआप होईल. तरीही हे नियमाने काढलेल्या बरणीसाठीचे जादा कवच आहे. चुकीच्या पद्धतीने काढलेली बरणी उकळून खाण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

विषय एल्कचा आहे म्हणून एक प्रश्न विचारतो : आपल्या शेजाऱ्यांनी त्या प्राण्याची सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या रोगासाठी चाचणी करून घेतली आहे का? हा हरणवर्गीय प्राण्यांचा मेंदूचा रोग प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडोतच आढळला. तो माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, पण चाचणीत बाधित निघालेल्या प्राण्याचे मांस खाऊ नये असे सीडीसी ही अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. त्यामागचा प्रायॉन नावाचा घटक जिवाणू नव्हे, आणि तो कॅनरच्या तापमानालाही नष्ट होत नाही. त्यामुळे हे कॅनिंगपूर्वीच विचारून घेतलेले बरे.

मुळाकाठ

मी पुण्यात राहतो. हे वाचून उत्साह वाटला होता. आमच्याकडे जॅमच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या पुष्कळ आहेत. मोठा १० लिटरचा कुकर घेतला तर मलाही महिन्याचे मटण असे भरून ठेवता येईल का? मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो, त्याच्याबरोबर चार बरण्या देता आल्या तर त्याच्या जेवणाची सोय होईल.

तळघरातली फळी

मुळाकाठदादा, मुलासाठी जीव तुटतो हे समजते, पण हे करू नका असेच मी सांगेन. जॅमच्या बरण्यांची काच आणि एकसंध झाकणे या दाबाला आणि उष्णतेला केलेली नसतात. कॅनिंगच्या बरणीचे झाकण दोन भागांचे असते, एक सपाट चकती जिच्या कडेला रबरासारखा लेप असतो, आणि तिला धरून ठेवणारी कडी. चकती दर वेळी नवी लागते. आतली हवा बाहेर जाऊन निवताना चकती खाली ओढली जाते आणि निर्वात पकड बसते. त्याशिवाय कुकर १० लिटरचा घेतला तरी त्यावर दाब दाखवणारा काटा नसतो आणि त्यासाठी तपासलेला तक्ताही नसतो. मुलाला द्यायचे असेल तर मटण शिजवून, घट्ट गोठवून, थंड पेटीतून द्या. लांबच्या प्रवासासाठी रिटॉर्ट पाउचमधले (बंद करून दाबाखाली तापवलेल्या पिशव्यांतले) तयार पदार्थ विकत मिळतात. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांच्या शिधापाकिटांसाठी विकसित केलेल्या या पाउचांमागचे तत्त्व कॅनिंगचेच आहे, फक्त यंत्रे आणि मोजमाप कारखान्यातले असते.

खाडीकाठ

मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे मांस बरणीत भरण्याची रीत नव्हती, पण टिकवण्याची विद्या होतीच, तिचा इथे संबंध आहे म्हणून लिहिते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा घराघरांत सुके बोंबील, सोडे, सुकट यांवर दिवस काढले जायचे. आजी सोडे उन्हात घालायची ते कोलंबीचे पाणी पूर्ण आटेपर्यंत. एक सोडा घेऊन मोडून बघायची, तो कट्कन तुटला तरच डब्यात भरायची, वाकला तर पुन्हा उन्हात. सूक्ष्मदर्शीकाकांनी ओलाव्याचे सांगितले तेव्हा मला त्या तुटण्याचा अर्थ नीट कळला. गोव्याच्या चोरिसांतही (डुकराच्या मांसाच्या सॉसेजमध्ये) मीठ, व्हिनेगर आणि धूर किंवा ऊन मिळून काम करतात. आपल्या या सगळ्या रीतींत पाणी काढून घेतले आहे किंवा आंबटपणा घातला आहे. ओले मांस, आंबटपणाशिवाय, बंद बरणीत ठेवण्याची रीत आपल्या घरांत नव्हतीच, त्यामुळे आईच्या अनुभवात तिचे उत्तर असणार कुठून? ताई, आईंना हे असे सांगून पाहा. त्यांचे लोणचे चुकीचे ठरत नाही हे कळले की त्या नक्की समजून घेतील.

डोंगरमाथा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण एकेक गोष्ट नीट करायची ठरवली होती. शेजाऱ्यांनी एल्कची चाचणी करून घेतली होती, ती निर्दोष आली होती. काटा विस्तार कार्यालयात तपासला, बरोबर निघाला. रबरी रिंग मात्र नवी घेतली. आईला खाडीकाठताईंच्या शब्दांत सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे कैरी स्वतःच स्वतःला राखते, मटणाला राखणदार लागतो." तिला पटले आहे.

पहिली खेप गेल्या शनिवारी काढली. आम्ही दोघेच असल्याने पाइंटच्या ८ बरण्या घेतल्या. मांस १ क्वार्ट पाण्याला १ टेबलस्पून मीठ अशा पाण्यात तासभर भिजवून धुतले, चरबी काढून टाकली, तुकडे अर्धवट परतून घेतले, सैलसर भरले, उकळता अर्क घातला आणि वर एक इंच जागा मोकळी ठेवली. बरणीची कड व्हिनेगरने ओल्या केलेल्या कापडाने पुसली. कॅनरमध्ये तीन इंच पाणी घातले, झाकण लावल्यावर वाफ जोरात सुटू लागली तेव्हापासून १० मिनिटे ती तशीच जाऊ दिली, मगच वाफेच्या नळीवर वजन ठेवले. ही १० मिनिटे कशासाठी हे काकूंनी समजावले : आत हवा अडकून राहिली तर काटा दाब बरोबर दाखवतो, पण हवामिश्रित वाफेचे तापमान त्या दाबाला साजेसे नसते.

काटा १४ वर आल्यावर मोजायला सुरुवात केली. ५२ व्या मिनिटाला आच जरा जास्तच कमी झाली आणि काटा १३ वर घसरला. आच वाढवून पुन्हा १४ वर आणला आणि नियमाप्रमाणे पहिल्या मिनिटापासून पुन्हा ७५ मिनिटे मोजली. कंटाळा आला होता, पण तळघरातल्या ताईंनी टाकून दिलेल्या बरण्या सारख्या डोळ्यांसमोर होत्या. नंतर आच बंद करून कॅनर आपोआप निवू दिला. आपल्या कुकरसारखा नळाखाली धरण्याची सवय हाताला आहे, ती इथे आवरावी लागते. काटा शून्यावर आल्यावर वजन काढले, आणखी १० मिनिटे थांबले आणि झाकण माझ्या विरुद्ध दिशेला उचलून उघडले. बरण्या टॉवेलवर ठेवल्या तेव्हा आतला रस अजून खळखळत होता. थोड्या वेळाने एकेक चकती खाली ओढली जाऊन टक् असा आवाज येऊ लागला. आई व्हिडिओ कॉलवर होती, ती प्रत्येक आवाज मोजत होती. सात मोजून झाले. आठव्या बरणीचे झाकण दुसऱ्या दिवशीही बोटाने दाबल्यावर वर-खाली होत होते. काढून पाहिले तर कडेवर मांसाचा दोऱ्याएवढा तंतू अडकलेला होता. ती बरणी पहिल्या दिवशी संध्याकाळीच संशयास्पद वाटली म्हणून फ्रीजमध्ये ठेवली होती, तिचाच रविवारी रस्सा केला.

आता एक शंका उरली आहे. सीलबंद सातांपैकी दोन बरण्यांत रस साधारण एक तृतीयांशाने खाली गेला आहे आणि वरचे तुकडे कोरडे उघडे दिसतात. त्या उघडून पुन्हा अर्क घालावा का?

तळघरातली फळी

ताई, फार नीट केलेत. त्या दोन बरण्या उघडू नका. तुमचा काटा मध्येच खाली-वर झाला तेव्हा बरणीतला रस बाहेर ओढला गेला असणार. दाब एकसारखा राहिला नाही की असे होते. पकड घट्ट असेल आणि रस निम्म्यापेक्षा जास्त उरला असेल तर मांस टिकायला अडचण नाही, फक्त रसाबाहेरचे तुकडे काही महिन्यांत काळपट होतील, म्हणून या दोन आधी वापरा. निम्मा किंवा त्याहून जास्त रस गेला असता तर फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायला सांगितले असते. सातही बरण्यांच्या कड्या काढून ठेवा, म्हणजे एखादी चकती पुढे सैल झाली तर ती कडीखाली लपणार नाही. बरण्या धुऊन पुसून, तारीख लिहून, अंधाऱ्या आणि थंड फळीवर ठेवा, एकीवर एक रचू नका आणि वर्षाच्या आत संपवा. पुढच्या खेपेला आच एकदम खाली आणण्याऐवजी काटा १२ वर असतानाच थोडी-थोडी कमी करत जा, म्हणजे १४ ते १५ च्या दरम्यान तो आपोआप स्थिरावतो.